दुसरी चिरूट

लिंबा,

माझा आडकित्ता आता तुझ्या घरी आहे. वहिनींनी तो फडताळात तुझ्या चष्म्याशेजारी ठेवलाय. त्यामुळं गेले तीन दिवस सुपारी दाढेखालीच फोडायची वेळ आली आहे, आणि माझ्या दाढा किती उरल्यात ते तुला चांगलं ठाऊक होतं. घरात विचारतात, आडकित्ता हरवला का? हरवला नाही म्हणतो, ढोकीला ठेवून आलो. का ठेवून आलो ते सांगत बसलो नाही. ते आधी तुला कळायला पाहिजे.

तीन दिवसांपूर्वी तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. दारापुढं पांढरा मांडव, खुर्च्या, तुझा फोटो, मेणबत्त्या. वंदना झाली आणि मग कारखान्यातले जुने लोक एकेक उठून बोलले. कुणी तुझ्या नोकरीची वर्षं सांगितली, कुणी तू कधी कुणाला वाकडं बोलला नाहीस म्हणून सांगितलं. हे शेवटचं धादांत खोटं. मला तू रोज वाकडं बोलायचास. तुझ्या लेकीनं, सुजातानं, दोनदा माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असणार, काका आता उठतील. मी उठलो नाही. 'कालकथित लिंबाजी' म्हणायला माझी जीभ वळेना, आणि मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुझ्याशी बोलण्यासारखं होतं आणि त्यासाठी मला बत्तीस वर्षं मिळाली होती.

तुला ते सुरुवातीचे दिवस आठवत असतील. तू कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरणारा. मी प्रयोगशाळेत, त्याच रसाचे नमुने तपासणारा. माझ्याकडं काचेची नळकांडी, यंत्रं, तक्ते. तुझ्याकडं अंगठा आणि एक बोट. पॅनमधून कांडीनं चिमूटभर पाक काढायचास, काचेच्या तुकड्यावर पसरून दिव्यासमोर धरायचास, मग बोटांत चोळून म्हणायचास, "अजून न्हाय." मी माझ्या यंत्रावर आकडा काढून धावत यायचो तोवर तू "आता सोडा" म्हणून मोकळा झालेला असायचास. आकडा जुळायचा. नेहमी जुळायचा, आणि मला त्याचा राग यायचा.

"लिंबा, तुझ्या बोटांत काय यंत्र बशीवलंय का रं?"

"न्हाय गड्या. हाताला शिकवावं लागतं. सात वर्सं शिकीवलंय. तुझ्या यंत्राला कोण शिकीवतंय?"

यंत्र खरं की बोट, हा आपला वाद नोकरी सुटली तरी सुटला नाही. आज कबूल करतो. बोट खरं. पण तू ऐकायला नाहीस म्हणून कबूल करतोय असं समजू नकोस. समजलास तरी हरकत नाही.

मग बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात तो क्युबाचा पाहुणा आला. साखरेच्या देशातला म्हातारा माणूस, कुणीतरी कारखाना दाखवायला आणला होता. बाकी सगळे साहेब लोक यंत्रं बघून चहाला गेले आणि हा तुझ्याजवळ तीन तास उभा राहिला. तू "सोडा" म्हणालास, मी आकडा आणला, पाहुण्यानं तो बघितला आणि तुझा हात हातात घेऊन बोटं निरखायला लागला. तू लाजून पार दुसरीकडं बघत होतास. जाताना त्यानं तुला एक छोटी लाकडी डबी दिली. आत दोन चिरुटा होत्या, जाड, गडद, तेलकट तकाकी असलेल्या. बरोबरच्या पुण्याच्या इंजिनिअरनं त्याचं बोलणं आपल्याला सांगितलं. ही दहा वर्षं मुरलेली पानं आहेत. घाईत ओढू नका. धूर छातीत घेऊ नका, तोंडात घोळवा आणि सोडा. टोक जरासंच कापा, नखाएवढं. राख झटकू नका. आणि एकट्यानं ओढू नका, मित्राबरोबर ओढा. ठेवाल तितकी ती आणखी चांगली होईल.

मी म्हणालो, दोन आहेत, एक तुला एक मला. तू मान हलवलीस. "तुमी लॅबवाले नमुना राखून ठेवताव का न्हाय? तसं. एक आता दोघं मिळून ओढू. दुसरी पिकत ठिवू. मंग कळंल, वय झाल्यावर काय फरक पडतो ते."

हंगामाचा पट्टा पडला, गाळप संपलं, त्या दुपारी आपण गरम पाणी निववायच्या फवाऱ्याच्या तळ्यावर जाऊन बसलो. कारखाना गप्प झाला होता. पाच महिने कानात घुमणारा आवाज एकदम थांबला की माणसाला बहिरं झाल्यासारखं वाटतं. मळीचा आंबूस वास तेवढा हवेत होता. तू चिरूट नाकापुढं धरून किती तरी वेळ नुसता वास घेत बसलास. मग टोक नखानं उकरलंस, तीन काड्या जाळून सावकाश पेटवलीस आणि डोळे मिटून दोन झुरके घेतलेस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. पॅनमध्ये दाणा धरला की व्हायचा तसा झाला होता.

"वसंता, ह्ये तंबाखू न्हाय. ह्ये काय तरी येगळंच हाय," म्हणालास, आणि चिरूट माझ्यापुढं केलीस. ओलं टोक माझ्याकडं करून.

माझा हात वर आला आणि थांबला.

एवढंच घडलं होतं. एक क्षण, फार तर दोन. पण का थांबला ते मला तेव्हाही ठाऊक होतं, लिंबा, आणि तुलाही. मी जळकोटच्या पाटीलकीच्या तोऱ्यातल्या घरात वाढलो. वडील पारावर बसून चिलीम ओढायचे. चिलमीच्या तोंडाला ओलं फडकं, छापी, आणि ती चिलीम हातोहात फिरायची, पण आपल्याच लोकांत. तुमच्या वस्तीतला कुणी आला तर त्याची चिलीम त्याच्याकडं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी नुसतं बघितलं होतं. पुढं शिकलो, नोकरीला लागलो, तुझ्या डब्यातली भाकरी खाल्ली, वहिनींच्या हातचं कालवण वाटीभर जास्तीचं मागून घेतलं. स्वतःला मोठा सुधारलेला समजत होतो. भाकरी चालली. तुझ्या तोंडची चिरूट मात्र चालली नाही.

आणि मी काय केलं? हसलो. "लई लांब हाय लेका, दोन तुकडं करू," म्हणालो. खिशातली चंची काढली, आडकित्ता काढला आणि त्या दहा वर्षं मुरलेल्या चिरुटीची सुपारी करून टाकली. बरोबर मधोमध कापली. तुझं तोंड लागलेला तुकडा तुझ्या हातात दिला आणि जळता तुकडा मी घेतला. निवड सुद्धा मीच केली.

त्याची शिक्षा तिथंच मिळाली. माझ्या तुकड्याचं कापलेलं तोंड सुटलं, वरचं पान उलगडलं, तंबाखूचा भुगा तोंडात आला. मी थुंकत बसलो. तू तुझा तुकडा नव्यानं पेटवलास. माझे हाल बघून तुझा हात पुन्हा माझ्याकडं यायला निघाला, अर्ध्यावर आला आणि परत गेला. "पाहुणा रडंल बघ," एवढंच बोललास. मग एकटाच, शेवटपर्यंत, सावकाश ओढलीस. मी म्हणालो, कडू होती.

ज्या बोटांना पाकातला दाणा कळायचा, त्यांना माझा थांबलेला हात कळला नसेल असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत राहिलो. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो.

दुसरी चिरूट तू पिकत ठेवलीस. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे लाकडाला सुद्धा भेगा पाडणारा, तिथं परदेशी पान कसं टिकायचं? पण तू हिकमती माणूस. जुना माठ घेतलास, तळाला ओली वाळू घातलीस, त्यावर वाटी पालथी घालून तिच्यावर डबी ठेवलीस आणि वर झाकण. उन्हाळ्यात आठवड्याला वाळूवर पाणी, पावसाळ्यात वाळू काढून कोरडी घालायची. एकदा पानावर पांढुरकी बुरशी आली तर तू धोतराच्या मऊ तुकड्यानं ती अशी पुसत होतास की वहिनी म्हणाल्या, "लेकराचं अंग बी कवा असं पुसलं न्हाय यांनी." कारखान्यातून दोघंही निवृत्त झालो. तू ढोकीतच दोन खोल्या बांधून राहिलास, मी जळकोटला शेतीवर आलो. तरी भाऊबीज झाली की एसटी धरून मी तुझ्याकडं. चिवडा-लाडू झाले की तू माठ उघडायचास. डबी काढायचास, चिरूट दोन बोटांत हलकेच दाबायचास, कानापाशी न्यायचास, मग माझ्या नाकापुढं धरायचास. दर वर्षी वास बदलायचा. आधी तिखट होता, मग गुळचट झाला, मग पेवातून काढलेल्या ज्वारीसारखा काहीसा जुना आणि गरम.

आणि दर वर्षी मी म्हणायचो, "लिंबा, आता ओढू या. पार लाकूड होईल तिचं."

तू माझ्याकडं बघायचास. "पेटवायच्या आधी तुला काय बोलायचं हाय का?"

"न्हाय बा. काय बोलायचं?"

"मंग पिकू दे." की झाकण परत माठावर.

पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी दर वर्षी "न्हाय बा" म्हणत राहिलो. कारण एकदा बोललो की मग तो क्षण खरा होणार होता. न बोलता राहिला तर तो चिरूट लांब असण्याचाच प्रश्न राहत होता. तू चिडला असतास, भांडला असतास, तर मला सोपं गेलं असतं. तू नुसता वाट बघत राहिलास. तुझा तो धीर मला जड जायचा, आणि खरं सांगू का, परतीच्या एसटीत मला तुझाच राग यायचा.

गेल्या दिवाळीला तू वाळला होतास. माठाचं झाकण तुला दोन्ही हातांनी उचलावं लागलं. त्या खेपेला तू नेहमीचं वाक्य म्हणाला नाहीस. नुसतं म्हणालास, "वसंता, आवंदा तरी?" मी न समजल्यासारखं "काय?" म्हणालो. "काय न्हाय. पिकू दे." मी तुझा हात बाजूला करून झाकण लावायला मदत केली. मदत करायला मी कायम पुढं.

मग तुझा तो फोन. मी हरभरा काढायच्या गडबडीत होतो. तू म्हणालास, "उन्हाळा लागला बघ. वाळूला पाणी घालायला आता माणूस बघावं लागंल." मी हसून म्हणालो, मी येतो की पाणी घालायला, हरभरा तेवढा होऊ दे. हरभरा झाला आणि तू गेलास. सकाळी अंघोळीचं पाणी तापत ठेवून ओट्यावर बसलास आणि बसल्या बसल्याच गेलास. मी पोचलो तेव्हा तुझे हात छातीवर ठेवलेले होते. त्या बोटांकडं मला बघवेना.

आता तीन दिवसांपूर्वीचं सांगतो. माणसं पांगली. मांडवाच्या सावलीत चार वाजले असतील. सुजातानं चहा आणला. ती शाळेतल्या मुलांशी बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही बोलला नाहीत." वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कप खाली ठेवला. म्हणालो, "वहिनी, मला एक सांगायचं होतं. लिंबाला सांगायचं होतं. राहिलं."

आणि सांगितलं. तळं, चिरूट, थांबलेला हात, आडकित्ता, कुठला तुकडा कुणाला दिला ते, सगळं. चिलमीचं, वडिलांचं, आमच्या पाराचंही सांगितलं. लांब होती म्हणून कापली नाही, तुझ्या तोंडची होती म्हणून कापली, हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं, आणि ते तुझ्या बायकोपुढं आणि लेकीपुढं. सुजाता खाली बघत होती. मला वाटलं ती उठून आत जाईल. गेली असती तर तिचं काही चुकलं नसतं.

वहिनींनी पदर सारखा केला. "मला ठाऊक हाय, भाऊजी."

"कधीपासून?"

"त्याच दिशीपासनं. हे घरी आले, हात धुतलं आन् म्हणले, आज वसंताचा हात थांबला. म्या म्हणलं, मंग कशाला त्येला घरी जेवाया बोलिवताव? तर म्हणले, त्येचं मन आलंय गं, हात मागं ऱ्हायलाय. हाताला येळ लागतो. मला साखरंला सात वर्सं लागली."

मला रडू आवरलं नाही. म्हातारा माणूस दुसऱ्याच्या मांडवात मोठ्यानं रडतो तेव्हा कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण शेजारचे दोघं तिघं दारातून डोकावून गेले. बत्तीस वर्षं तू माझ्या हाताची वाट बघितलीस आणि तू मला सातव्या वर्षीच सोडून दिलं असतंस तरी मला काही बोलता आलं नसतं.

डोळे पुसून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "आडकित्ता हाय का जवळ?"

मला वाटलं, कुणाला सुपारी द्यायची असेल. चंचीतून काढून दिला. तो त्यांनी हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि मुठीत धरून ठेवला. "हाच का त्यो?"

"हाच."

"हे सांगून गेलेत. म्हणले, वसंता आपल्या तोंडानं बोलला तरच डबी द्यायची. आन् डबी द्यायच्या आधी त्येचा आडकित्ता काढून घ्यायचा. त्येचा काय भरवसा न्हाय."

सुजाता एकदम हसली आणि हसता हसता तिचंही रडणं सुरू झालं. मी पण हसलो, लिंबा. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही तिघं तुझ्या दारात बसून असे हसलो. हे वाकडं बोलणं तू जाता जाता माझ्यासाठी राखून ठेवलं होतंस. तिथं माईकवर सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

सुजातानं माठातून डबी आणली. वाळू ओली होती. तुझ्यामागं कुणी पाणी घातलं असं मी विचारलं तर म्हणाली, आईनं. चिरूट मी तुझ्यासारखी दोन बोटांत दाबली. मला त्यातलं काय कळतंय, पण मऊ होती, आणि हातात काही जिवंत धरल्यासारखं वाटलं. टोक नखानं उकरलं. तीन काड्या लागल्या. पहिला झुरका तोंडात घोळवला आणि सोडला.

कडू नव्हती. जरा सुद्धा कडू नव्हती. आधी गुळाच्या काहिलीच्या कडेचा वास आला, मग डबीच्या लाकडाचा, मग ती पेवातली जुनी ज्वारी. धूर जड होता पण बोचत नव्हता. जिभेवर बराच वेळ काहीतरी गोडसर रेंगाळत राहिलं. वय झाल्यावर काय फरक पडतो, असं तू विचारलं होतंस. पडतो, लिंबा. तिखटपणा सगळा जातो. पण हे सांगायला आधीची चव पण ठाऊक पाहिजे, आणि पहिल्या चिरुटीची खरी चव एकट्या तुलाच माहीत होती. मी तर भुगा थुंकला होता. दोन नमुने जुळवून बघणारा माणूसच आता उरला नाही.

मी सावकाश ओढत होतो. राख बोटाएवढी झाली, झटकली नाही. उन्हं मांडवाच्या खांबापर्यंत आली. सवयीनं माझी मान शेजारी वळली, तू बसायचास त्या बाजूला. तिथं रिकामी खुर्ची होती, भाड्यानं आणलेली.

वहिनी बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आणा इकडं. बघू तरी, एवढं काय सांभाळीत व्हते जन्मभर."

मिश्रीशिवाय त्यांनी कधी तंबाखूला हात लावला नव्हता. मी चिरूट पुढं केली, ओलं टोक त्यांच्याकडं करून. त्यांनी ती घेतली. ओठांत धरून एक झुरका ओढला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. पदरानं डोळे पुसले, पण चिरुटीला पदर लावला नाही. तशीच परत माझ्यापुढं धरली.

मी घेतली आणि ओठांत धरली.

हात थांबला नाही, लिंबा. बघायला तू पाहिजे होतास.